आज पाणी किती फुटावर? बोलणं अडणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर मी हिशेब लिहिते. फोन वाजतो, पलीकडून एखादे काका विचारतात, "ताई, आमची पट्टी निघाली का?" पोती किती, वजन किती, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात किती येणार, सगळं माझ्यासमोर लिहिलेलं असतं. आकडा दिसतो, पण जीभ हलत नाही. पहिली काही वर्षं मी अशा वेळी फोन ठेवून द्यायचे आणि मालकांना सांगायचे, रेंज गेली.

बत्तिसाव्या वर्षी तपासणी झाली आणि कळलं की मी ऑटिस्टिक आहे, म्हणजे माणसं, बोलणं आणि आवाज यांच्याशी माझा मेंदू वेगळ्या पद्धतीने जुळवून घेतो. सोबत एडीएचडीही आहे, त्यात लक्ष टिकवणं आणि स्वतःला थांबवणं अवघड जातं. त्याआधी मला 'घुमी', 'शिष्ट', 'मध्येच तोडून बोलणारी' अशी नावं होती. घुमी आणि तोंडाळ एकाच वेळी कसं असता येतं, हे कुणी विचारलं नाही. गेल्या चार वर्षांत घरी, पेढीवर आणि लग्नकार्यांत चुकतमाकत जे जमलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, वाचा-उपचारतज्ज्ञही नाही. ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया (वाचणं-लिहिणं अवघड जाणं) असं नाव मिळालेल्यांना हे उपयोगी पडेल, आणि नाव न मिळताही आयुष्यभर अडलेल्यांनाही.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बोलणं बंद पडल्यावर शब्द शोधता येत नाहीत, ते आधी ठेवावे लागतात. आमच्या गावभागात कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की लोक धान्याचे डबे आणि कागदपत्रं माळ्यावर चढवतात. पाणी उंबऱ्याशी आल्यावर ते जमत नाही.

पायरी १: नेमकं कुठे अडतं ते आठवडाभर टिपा

'मला बोलता येत नाही' ही नोंद फार ढोबळ आहे, तिच्यावर उपाय सापडत नाही. एक छोटी वही घ्या. जिथे जिथे अडलं तिथे तीनच गोष्टी लिहा: कोण समोर होतं, कुठे होतात, आणि नेमकं काय झालं. लिहिणं जड जात असेल तर स्वतःलाच व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवा. रोज जमलं नाही तरी चालेल, आठवड्यात सात-आठ प्रसंग पुरतात.

माझ्या वहीत चार वेगवेगळ्या अडचणी निघाल्या. कधी मला आत काय होतंय तेच कळत नव्हतं. कधी कळत होतं, पण शब्द तोंडापर्यंत येत नव्हते. कधी शब्द होते, पण वेळ चुकत होती: समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी बोलायचे, कारण थांबले असते तर मुद्दाच डोक्यातून गेला असता. आणि कधी मी नीट बोलले होते, पण समोरच्याने भलताच अर्थ घेतला होता.

प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. तिसरीवर माझा उपाय हातात पेन धरणं हा आहे. मुद्दा सुचला की कागदावर एक शब्द खरडायचा आणि समोरच्याला बोलू द्यायचं. मुद्दा जात नाही, माणूसही दुखावत नाही. बैठकीत मी आधीच सांगून ठेवते, "मी लिहीत असले तरी ऐकते आहे."

चौथीबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश अभ्यासक स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ साली मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्ही बाजूंनी तयार होतो. आम्हाला तुमचं कळत नाही तितकंच तुम्हालाही आमचं कळत नाही. हे वाचलं त्या दिवशी मी पेढीवरून घरी चालत आले आणि वाटेत रडले. तोवर मला वाटत होतं की सगळा दोष एकाच बाजूचा आहे.

पायरी २: पातळी ठरवा

'कसं वाटतंय?' या प्रश्नाला मला कधीच उत्तर देता आलं नाही. आपल्याला काय वाटतंय ते ओळखणं आणि त्याला शब्द देणं अवघड जातं, त्या अवस्थेला अलेक्सिथायमिया म्हणतात. २०१९ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात ऑटिस्टिक लोकांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये ती आढळली. 'एक ते दहामध्ये आकडा सांग' असं समुपदेशक म्हणतात, पण सहा म्हणजे काय आणि सात म्हणजे काय हे मला ठरवता येईना.

पावसाळ्यात आईने एकदा सहज शेजारच्या काकूंना विचारलं, "पाणी किती फुटावर आलंय?" आणि मला माझं माप सापडलं. आयर्विन पुलाजवळची पातळी सांगलीत लहान पोरालाही कळते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता आमच्या घरात हीच भाषा चालते. तिशीच्या आत असले की गप्पा, पाहुणे, बाजार, काहीही चालतं. पस्तिशीला ट्यूबलाइटची घरघर ऐकू यायला लागते आणि मिक्सरचा आवाज दातांत जातो. ४० ला माझी वाक्यं आखूड होतात, लोकांना वाटतं मी तुसडेपणा करते आहे. ४५ ला बोलणं थांबतं. त्याच्या वर गेलं तर मी एक तर रडते-ओरडते किंवा दगडासारखी बसून राहते.

तुमच्या आकड्यांसमोर तुमच्या खुणा लिहा. भावना लिहू नका, अंगावर काय दिसतं ते लिहा: खांदे कुठे आहेत, हात काय करताहेत, कुठला आवाज सहन होत नाही, एकच शब्द परत परत टाइप होतोय का. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना विचारा. माझ्या वहिनीने सांगितलं, "तुमचं पाणी वाढलं की तुम्ही बांगडी फिरवत बसता." मला हे माहीतच नव्हतं.

आणखी एक. कोयनेतून पाणी सुटलं की ते सांगलीत लगेच चढत नाही, वाटेत वेळ जातो. माझंही तसंच आहे. रविवारचं लग्न मला सोमवारी काही करत नाही, मंगळवारी संध्याकाळी भाजी चिरताना बोलणं जातं. म्हणून आकडा आजच्या दिवसावरून काढू नका, मागचे दोन दिवस मोजा. लग्न, दवाखाना, लांबचा एसटी प्रवास यांच्यानंतरचे दोन दिवस मी कुणाला फोन करण्याचं कबूल करत नाही.

पायरी ३: शब्द कोरडे असताना साठवा

पाणी तिशीच्या आत असेल तेव्हा हे काम करायचं. एखादी निवांत दुपार पुरते.

आधी एक कार्ड. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड कागद, मोठं अक्षर. पुस्तकी मराठी नको. एसटीचे कंडक्टर, दवाखान्यातल्या सिस्टर, किराणा दुकानदार यांना एका नजरेत कळेल असं हवं. माझ्या पर्समधल्या कार्डावर हे आहे:

"मला ऐकू येतं आणि सगळं कळतं. आत्ता बोलता येत नाहीये. थोडा वेळ द्या किंवा लिहून विचारा. मला हात लावू नका. घरचा नंबर मागे आहे."

'मला ऐकू येतं' हे वाक्य पहिलं ठेवलं, कारण ते नसताना लोक माझ्याशी ओरडून बोलायचे. आजाराचं नाव कार्डावर नाही. स्टँडवर उभ्या माणसाला नावाचं काही करता येत नाही, 'लिहून विचारा' याचं करता येतं.

मग फोन. गुगलच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये 'पर्सनल डिक्शनरी' असते, तिथे पूर्ण वाक्य साठवून त्याला छोटी खूण देता येते. मी 'पप' टाइप केलं की समोर येतं: "काका, तुमची पट्टी तयार आहे. रक्कम खाली लिहिली आहे. काही शंका असेल तर मेसेज करा, मी लगेच उत्तर देते." अशी माझी चौदा वाक्यं आहेत. फोनमधली मराठी वाचनाची सोय चालू केली तर लिहिलेलं मोठ्याने वाचूनही घेता येतं. अँड्रॉइडवर 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' नावाचं ॲप समोरच्याचं मराठी बोलणं पडद्यावर लिहून दाखवतं. शब्द कानावर पडतात पण अर्थ उशिरा लागतो, अशांना ते फार कामाचं आहे. गोंगाटात ते चुका करतं, एवढं धरून चाला.

वाक्यं साठवताना नकाराची वाक्यं विसरू नका. आपण बहुतेक जण 'पाणी द्या', 'मदत करा' हे तयार ठेवतो. 'मला हे नको आहे', 'मी निघते आहे', 'यावर उद्या उत्तर देते' ही वाक्यं ऐन वेळी सर्वांत आधी हरवतात.

पायरी ४: न बोलता सांगायची वाट ठरवा

माझे आजोबा खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल घ्यायला जायचे. वडील लहानपणी त्यांच्या सोबत असत. ते सांगतात, बैलाचा भाव तोंडाने बोलला जायचाच नाही. दलाल खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत बोटं धरून सौदा चालायचा. किती बोटं, कुठलं पेर, दाब किती. टॉवेल बाजूला झाला की व्यवहार पक्का. आजोबांना कुणी कधी म्हटलं नाही की आधी तोंडाने भाव सांगायला शिका, मग बैल मिळेल.

घरात असा एक टॉवेल असू द्या. आमच्याकडे फ्रिजवर तीन चुंबक आहेत. हिरवं लावलं असेल तर बोला, पिवळं असेल तर हो-नाहीचे प्रश्न विचारा, लाल असेल तर ताट झाकून ठेवा आणि जा. नवरा-बायकोत, मायलेकींत, जिवलग मैत्रिणींत हाताच्या दाबाची खूण चालते. मात्र खूण दोघांनी शांतपणे बसून ठरवलेली हवी, आणि तिचा मान राखला गेला पाहिजे. लाल चुंबकावर एकदा जरी "काय झालं सांग की" झालं, तर पुढच्या वेळी ते चुंबक कुणी लावणार नाही.

मूल लहान असेल आणि अजून बोलत नसेल तर आधी कानांची तपासणी करून घ्या, मग बाकीचं. चित्रं, खुणा, ॲप यांची सवय लावली तर मूल बोलायचंच थांबेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. २००६ साली एका संशोधन-आढाव्यात यावरचे अभ्यास तपासले गेले. भरवशाचा पुरावा असलेल्या २७ जणांत एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलं होतं. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मोफत आहे आणि मराठीत चालतं. चित्रावर बोट ठेवलं की ते वाक्य बोलतं. मोबाइल नको असेल तर पुठ्ठ्यावर सहा चित्रं चिकटवून सुरुवात करा: पाणी, शी-शू, दुखतंय, नको, अजून, बाहेर. 'नको' पहिल्या दिवसापासून असू द्या आणि मुलाने त्यावर बोट ठेवलं की ते ऐका.

काही मुलं ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी परत म्हणतात, त्याला एकोलालिया म्हणतात. माझा सात वर्षांचा भाचा कराडला असतो. मागच्या वर्षी एका लग्नात तो सतत "फलाट क्रमांक तीन, फलाट क्रमांक तीन" म्हणत होता. लोक हसत होते. बहीण उठली, त्याला घेऊन बाहेर गेली आणि तो शांत झाला. स्टँडवर ते शब्द ऐकू आले की त्यांची घरी जायची गाडी लागते. त्याने 'मला घरी जायचंय' असंच म्हटलं होतं. अशा वाक्यांची यादी करा: वाक्य कुठलं, पहिल्यांदा कुठे ऐकलं, आता कधी म्हणतो. बहिणीने ती यादी वर्गशिक्षिकांनाही दिली आहे.

शाळेत किंवा कार्यालयात कुणी म्हणालं, 'असं चित्रावर बोट ठेवणं म्हणजे बोलणं नव्हे', तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ दाखवा. त्याच्या कलम २ मध्ये 'संवाद' या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात लेखी मजकूर, दृश्य साधनं, सांकेतिक भाषा, सोपी भाषा आणि बोलण्याला पूरक किंवा पर्यायी अशा पद्धती स्पष्टपणे धरल्या आहेत.

पायरी ५: मराठीतली वळणं उलगडून घ्या

इथे मी जरा थांबणार आहे, कारण इंग्रजीतून येणाऱ्या सल्ल्यांत हे सापडत नाही आणि आपल्याकडचे निम्मे घोटाळे इथेच होतात.

निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. लहानपणी मी 'येते' म्हणणाऱ्या मावशीची दारात तासभर वाट बघितली होती. रस्त्यात कुणी "कुठं निघालीस?" म्हटलं तर त्याला पत्ता नको असतो. "हे काय, इथंच" एवढं पुरतं. "जेवलीस का?" यालाही "हो, तुम्ही?" पुरतं, काय काय जेवले ते सांगायची गरज नसते. "बघू की" याचा अर्थ दहातल्या आठ वेळा 'नाही' असतो. "करतो की" हा होकार असतो, पण तारीख विचारल्याशिवाय धरायचा नसतो. मी विचारते, "म्हणजे गुरुवारपर्यंत धरू का?" आजवर कुणी रागावलं नाही.

पंगतीतला आग्रह मला सर्वांत अवघड. पहिलं 'नको' कुणी खरं मानत नाही. दुसऱ्या 'नको'ला हसतात, तिसऱ्याला थांबतात. ज्याला एकदाच 'नको' म्हणता येतं त्याच्या ताटात मग जिलेबी पडते आणि ती जिलेबी नुसती नको नसते, तिचा चिकटपणा अंगावर येतो. उपाय साधा आहे: ताटावर आडवा हात. ही खूण वाढप्यांना कळते आणि तिच्यावर वाद होत नाही.

'तू', 'तुम्ही', 'आपण' यांत गडबडत असाल तर मोठ्या-लहान सगळ्या अनोळखी माणसांना 'तुम्ही' म्हणा. त्याने कुणी दुखावत नाही.

घरच्यांनी आणि जवळच्यांनी एवढं करावं. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि मनात दहा आकडे मोजा. आम्ही उत्तर जुळवत असतो, मध्ये तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला की जुळवणी पहिल्यापासून सुरू होते. 'काय झालं?' पेक्षा 'आवाजाचा त्रास होतोय की भूक लागलीये?' याला उत्तर देणं सोपं. डोळ्यांत बघायचा आग्रह धरू नका, मी बाजूला बघते तेव्हाच नीट ऐकते. गंभीर बोलणं समोरासमोर बसून करण्यापेक्षा भाजी निवडताना, गाडीवर मागे बसून, कृष्णाकाठी चालताना करा. आणि टोमणा मारू नका. "या, आठवण झाली का आमची?" याला मी खरंच उत्तर द्यायला बसते.

पायरी ६: कामाच्या ठिकाणी लेखी मागा

मी मालकांना काय पाठवलं ते जसंच्या तसं देते:

"शेठ, एक विनंती आहे. तोंडी सांगितलेली दोन-तीन कामं एकदम आली की माझ्याकडून एखादं सुटतं. तेच मेसेजवर आलं तर सुटत नाही. फोनऐवजी शेतकऱ्यांना पट्टीचा फोटो आणि मेसेज पाठवला तर चालेल का? हिशेबात चूक होणार नाही याची जबाबदारी माझी."

यात निदानाचा उल्लेख नाही. सांगायचं की नाही, कधी, कुणाला, हे प्रत्येकाने आपापलं बघून ठरवावं. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. पण मागणी नेमकी असली आणि तिच्यात समोरच्याचाही फायदा दिसला, तर निदान न सांगताही बरंच मिळतं. मालकांनी महिनाभर करून बघायला सांगितलं. शेतकऱ्यांना फोटो जास्त आवडला, कारण तो घरात दाखवता येतो.

पायरी ७: कागदपत्रं

वर सांगितलेल्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) आणि वाचा-भाषा दिव्यांगत्व आहे. एडीएचडी वेगळं दिलेलं नाही. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, सरकारच्या 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करायचा, तपासणी साधारणपणे जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात होते. जाताना मुलाचं चित्रांचं पुस्तक, कानांवरचे हेडफोन आणि एका पानावर लिहिलेली माहिती न्या, कारण रांगेत तास गेल्यावर तुम्हालाही काही आठवणार नाही. दहावी-बारावीला पात्र विद्यार्थ्यांना ताशी २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. शाळेमार्फत अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच करा.

पायरी ८: पाणी ओसरल्यावर

पूर आला की चिखल राहतो, तो कुणीतरी काढावा लागतो. ओरडणं झालं, कार्यक्रमातून उठून जाणं झालं, आठवडाभर फोन न उचलणं झालं, तर दोन दिवस थांबा आणि मग लिहून पाठवा. काय झालं, त्यात समोरच्याचा दोष होता की नव्हता, आणि पुढच्या वेळी काय करता येईल, एवढंच. स्वतःला शिव्या घालू नका. त्या वाचून समोरच्याला तुमची समजूत काढत बसावं लागतं आणि मूळ गोष्ट राहून जाते.

मन फारच खचलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. फोनवर बोलणंच जमत नसेल तर कार्डामागे ज्यांचा नंबर आहे त्यांना 'मला फोन लावून दे' एवढा मेसेज करा. हे वाक्यही आजच साठवून ठेवा.

मागच्या होळीला दादाच्या घरी बारा-पंधरा माणसं होती, टीव्ही चालू होता, आणि मी ताटावरून उठून न सांगता निघून आले. दोन दिवसांनी वहिनीला लिहिलं, "त्या दिवशी पाणी ४६ वर होतं. तुमच्या स्वयंपाकाचा काही संबंध नव्हता. पुढच्या वेळी मी पाहुणे यायच्या आधी येऊन जाईन, चालेल का?"

अर्ध्या तासाने उत्तर आलं: "चालेल. तुमच्या वाटणीच्या दोन पोळ्या डब्यात आहेत. संध्याकाळी घेऊन जा, घरी कुणी नाही. बोलायला नको."